पहिल्या पानाचे महाराज

“हात लावायचा नाही! फक्त डोळ्यांनी दर्शन घ्यायचं! ज्यानं बोट लावलं त्याची सिद्धी उतरली म्हणून समजा!”

जळगावातलं एक मंगल कार्यालय. चैत्रातला रविवार, सकाळचे अकरा, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत अडीचशे दुकानदार मोबाइल ओंजळीत धरून उभे. कुणी साडीवाले, कुणी नळफिटिंगवाले, कुणी केळीचे वेफर्सवाले. स्टेजच्या मधोमध चौरंग, चौरंगावर लाल कापड, त्यावर वायफायचा राउटर आणि राउटरला हळदकुंकू. त्याच्या दोन्ही शिंगांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. पोळ्याला बैलांची शिंगं सजवलेली मी जन्मभर पाहत आलो, राउटरची मात्र पहिल्यांदाच पाहिली.

मी छगन. छत्तीस वर्षं पारोळा तालुक्यात गुरांचा सरकारी डॉक्टर होतो, आता निवृत्त आहे. सगळे नाना म्हणतात. मला तिथं ओढून नेलं होतं शेजारच्या सुलक्षणानं. ती आणि तिची सासू भागाबाई मिळून बिबड्या-पापडांचा धंदा करतात. बिबडी म्हणजे ज्वारी भिजवून, भरडून, शिजवून कापडावर हातानं थापलेला आणि कडक उन्हात वाळवलेला पापड. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर अकरा बायका कामाला येतात.

“भक्तहो!” महाराज गरजले. वय पस्तीसच्या आत, भगवं जाकीट, कपाळावर चढवलेला गॉगल, गालाशी माइक. पत्रकावर नाव होतं ‘डिजिटलाचार्य श्री कुंदननाथ’. “गूगलचं पहिलं पान म्हणजे काय?”

“गाभारा!” सगळे ओरडले.

“आणि दुसरं पान?”

“स्मशान!”

“तुमचं दुकान आज कुठं आहे?”

“स्मशानात!”

आपलं दुकान स्मशानात आहे, हे इतक्या उत्साहानं सांगणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

“कुणाला वर दाखवायचं ते ठरवणारा गूगलचा अल्गोरिदम ही माता आहे! ती कोपते, ती प्रसन्न होते. कीवर्ड, म्हणजे गिऱ्हाईक शोधतं तो शब्द, हा तिचा बीजमंत्र. बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून तुमच्याकडे येणारी वाट, हे तुमचं पूर्वसंचित. तुमच्यापैकी कित्येकांच्या वेबसाइटचं तोंड दक्षिणेला आहे, ते मला इथूनच दिसतंय!”

माझ्या पुढच्या साडीवाल्यानं खरंच मोबाइल उलटा फिरवून पाहिला.

मग महाराजांनी डोळे मिटले. दोन बोटं कपाळाला लावली. “मला दिसतंय... गाव पारोळा... एक गच्ची... गच्चीवर काहीतरी पांढरं वाळतंय... एका म्हाताऱ्या माउलीचं नाव आहे... भा... भा...”

“भागाबाई!” सुलक्षणा किंचाळलीच. “नाना, आमचंच सांगताहेत!”

सोबत आलेली भागाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, “डाक्टर भाऊ, हाऊ मानूस मन्हं नाव कसं जानस?”

महाराजांच्या शिष्यानं पडद्यावर टाइप केलं, ‘खानदेशी बिबड्या’. पडद्याच्या वरच्या कडेला झेंडूचं भलं जाड तोरण लोंबत होतं. त्याच्या बरोबर खाली, सगळ्यात वर झळकलं, ‘भागाबाई बिबडी-पापड, पारोळा’.

“आपापल्या मोबाइलवर पाहा!”

अडीचशे मोबाइलांवर तेच. माझ्याही मोबाइलवर तेच. पहिला नंबर भागाबाईचा! टाळ्या, शिट्ट्या, ‘पहिल्या पानाचा विजय असो’ची आरोळी. सुलक्षणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

तिचं रडू उगीच नव्हतं. गेल्या दोन वर्षांत बाहेरगावच्या ऑर्डरी आटत चालल्या होत्या. लोक मोबाइलवर शोधतात, समोर येतं त्याच्याकडून मागवतात आणि सुलक्षणाची वेबसाइट काही केल्या समोर येत नव्हती. मागच्या मोसमातली बिबड्यांची निम्मी पिंपं अजून खोलीत उभी होती. यंदा माल उठला नाही तर पुढच्या वर्षी गच्चीवर कुणी येऊ नका, असं त्या अकरा जणींना सांगावं लागणार होतं. त्यांतल्या चार जणींचं घर त्यावरच चालतं.

“हे झालं आजचं दर्शन!” महाराज म्हणाले. “पुढच्या रविवारी कायमची प्रतिष्ठापना. त्यासाठी मला दक्षिणा नको. मला फक्त तुमचा अहंकार द्या! अहंकार कुठं असतो? पासवर्डमध्ये! वेबसाइटचा पासवर्ड आणि गूगलच्या नकाशावर तुमच्या दुकानाची जी नोंद आहे, तिचा पासवर्ड. दोन्ही एका पाकिटात घालून या कलशात अर्पण करायचे.”

“किती साधा माणूस!” साडीवाला गहिवरला. “पैसेसुद्धा मागत नाही!”

माझ्या मनात मात्र भलतंच चाललं होतं. पारोळ्याच्या गुरांच्या बाजारात मी हजारो वेळा उभा राहिलोय. दलाल म्हशीची वाट्टेल तेवढी तारीफ करतो, पण कासेला हात लावू देत नाही, तेव्हा एखाद्या सडात काहीतरी भानगड असतेच. महाराज दर दोन मिनिटांनी ‘हात लावायचा नाही’ म्हणत होते. का बुवा? दुकानाचं नाव असतंच बोट लावायला. गिऱ्हाइकानं त्यावर बोटच लावलं नाही तर ते दुकान उघडणार कसं?

मी हा विचार करत होतो तेवढ्यात भागाबाईनं सुरतेला फोन लावलाही. आमच्या खानदेशात घर सोडून कुठं गेलेलं माणूस हवं असेल तर आधी सुरतेत शोधावं. भागाबाईची लेक दिपमाला तिकडेच असते. आनंदाची बातमी आधी सुरतेला कळवायची, मग शेजाऱ्यांना, हा घराघरातला रिवाज.

“दिपमाला, मोबाइलमा दख बरं, खानदेशी बिबड्या. तुन्ही माय पहिला नंबरवर शे!”

थोड्या वेळानं दिपमालाचा आवाज आला. “माय, आठे तर काहीच नही. पहिला पानवर नही, दुसरा पानवर बी नही.”

सुलक्षणाचा चेहरा पडला. मी हात वर केला. “महाराज, सुरतेत दिसत नाही म्हणतात.”

सभेनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी गाभाऱ्यात चपला घालून शिरलो होतो. महाराज मात्र गोड हसले. “आजोबा, ऊर्जा पायरी-पायरीनं जाते. सुरतेला पोचायला एकवीस दिवस लागतात. मध्ये तापी आडवी आहे ना!”

टाळ्या झाल्या.

परतीच्या एसटीत सुलक्षणा मोबाइल सोडेना. गाडी निघाली तेव्हा नाव दिसत होतं. शहर मागं पडलं आणि नाव गेलं. एरंडोलला नाही, पारोळ्यात नाही. तिनं महाराजांच्या मदत क्रमांकावर फोन केला. उत्तर आलं, “पारोळ्यात जुना किल्ला आहे ना? तो आडवा येतो. प्रतिष्ठापनेनंतर सगळं मोकळं होईल. पाकीट विसरू नका.”

“ऐकलंत नाना? किल्ला आडवा येतो म्हणे.”

“अगं, त्या किल्ल्यावरून माकडं पलीकडे जातात, तुझ्या बिबड्या नाही जात होय?”

ती माझ्यावर चिडली. “तुम्हाला सगळंच खोटं वाटतं, नाना. अडीचशे लोकांनी पाहिलं ते खोटं? तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर दिसलं तेही खोटं? आणि नसेल खरं, तर दुसरा उपाय सांगा ना. त्या बायकांना काय सांगू मी?”

मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं आणि जे पाहिलं ते कसं झालं, हे मला सांगता येत नव्हतं. अशा वेळी उगीच खेकसण्यापेक्षा चौकशी करावी, एवढी अक्कल मला गुरांनी शिकवली आहे.

महाराजांच्या पत्रकावर भक्तांचे फोटो होते. त्यात धुळ्याचे अमीनभाई दिसले. गाद्या-रजया भरणारा फार कसबी माणूस, माझ्या घरातली प्रत्येक गादी त्यांच्या हातची. ‘महाराजांच्या कृपेने पहिल्या पानावर!’ असं खाली छापलेलं. गूगलवर त्यांचं दुकान शोधलं, तिथल्या नंबरवर फोन लावला. भलताच आवाज आला.

“अमीनभाईंनी धंदा बंद केला. गाद्या आमच्याकडे मिळतील. पत्ता पाठवू?”

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं धुळ्याला गेलो. अमीनभाई दुकानातच बसले होते. चारी बाजूंना कापूस, भरलेल्या रजयांची चवड आणि माणूस मात्र वाळून निम्मा झालेला.

“बंद? मी कुठं बंद केलं, डॉक्टरसाहेब? महिना झाला, फोनच वाजत नाही. मला वाटलं, लोकांनी गाद्यांवर झोपणं सोडलं की काय.”

“पाकीट दिलं होतं का कलशात?”

त्यांनी मान खाली घातली. आतून त्यांची मुलगी नाजमीन बाहेर आली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. “कसलं पाकीट, अब्बा?”

अमीनभाईंनी तिला सांगितलंच नव्हतं. शिकलेल्या मुलीला न विचारता पासवर्ड देऊन बसलो, हे कबूल करायची लाज वाटली म्हणे. नाजमीननं मोबाइलवर पाच मिनिटं खटपट केली आणि कपाळावर हात मारून घेतला. दुकानाच्या नोंदीवर फोन नंबर बदललेला. बारा वर्षांत गिऱ्हाइकांनी लिहिलेले चांगले चांगले शेरे सगळे जागच्या जागी, फक्त फोन जाणार महाराजांच्या कुणा माणसाच्या दुकानात.

“अब्बा, तुम्ही नाव दिलंत त्यांना. अख्खं नाव!” तिचा आवाज चिरकला. अमीनभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

मग मी नाजमीनला सगळं सांगितलं. अडीचशे मोबाइल, तोरण, सुरत, एसटी, ‘हात लावायचा नाही’. ती ऐकता ऐकता हसायला लागली.

“काका, ही जाहिरात आहे हो! साधी, कायदेशीर, कुणालाही करता येणारी जाहिरात. पैसे भरायचे आणि सांगायचं, अमुक शब्द कुणी शोधले तर माझं नाव वर दाखवा. कुठं दाखवायचं तेही ठरवता येतं. अख्ख्या देशात दाखवा, नाहीतर एका मंगल कार्यालयाभोवतीच्या मैल-दीड मैलात दाखवा. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, तेसुद्धा.”

“आणि हात का लावायचा नाही?”

“कारण पैसे दिसण्याचे नाहीत, बोट लावण्याचे! प्रत्येक बोटामागं त्यांच्या खिशातून पैसे जातात. दिवसाची रक्कम ठरवलेली असते. ती संपली की जाहिरात गुल.”

मी दुकानातच उभा राहून मोठ्यांदा हसलो. कासेला हात का लावू देत नव्हता, ते कळलं!

“पण त्यांना भागाबाईचं नाव, गच्ची, बिबड्या हे सगळं कसं कळलं?” मी विचारलं.

“काही फॉर्म भरून घेतला होता का आधी?”

सुलक्षणाला फोन केला. होय, दहा दिवस आधी ‘संकल्पपत्र’ भरून दिलं होतं. दुकानाचं नाव, गाव, काय बनवता, कुठं वाळवता, कोणते शब्द शोधल्यावर दुकान दिसावं, सगळं. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं स्वतःलाच ऐकवलं, की माणूस किंचाळतो!

तिला तिथंच फोनवर सगळं समजावलं. ती म्हणाली, “तुम्ही म्हणता ते पटतंय, नाना. पण त्या सभेत बसले की त्यांचंही पटतं.” हे ती खरं बोलली. नुसतं सांगून भागणार नव्हतं, करून दाखवावं लागणार होतं.

भागाबाईकडे चंद्री नावाची म्हैस आहे. काळीभोर, भारदस्त आणि स्वभावानं महाराजांपेक्षा पुष्कळ गरीब. तिचा गोठ्यातला फोटो मी काढून पाठवला. नाजमीननं एक पान तयार केलं, जाहिरात लावली, भाग तोच मंगल कार्यालयाचा, वार रविवार. शब्द निवडले ‘खानदेशची राणी’. खर्च माझा. पेन्शनचा इतका चांगला उपयोग मी आजवर केला नव्हता.

रविवारी सभागृह ओसंडून वाहत होतं. नाजमीन आणि अमीनभाईही धुळ्याहून आले होते. राउटरला यावेळी मुंडावळ्याच बांधायच्या राहिल्या होत्या. पडद्यावर तेच तोरण, तोच झगमगाट, पुन्हा ‘भागाबाई बिबडी-पापड’ पहिल्या नंबरावर. कलश फिरू लागला. साडीवाल्यानं पाकीट टाकलं. नळफिटिंगवाल्यानं टाकलं. कलश सुलक्षणापाशी आला. तिच्या हातात पाकीट होतं. मी तिला सांगितलं होतं, पाकीट रिकामं घेऊन ये. पण ती ते छातीशी घट्ट धरून होती, त्यावरून मला संशय आला, की ते रिकामं नाही.

“महाराज!” मी उभा राहिलो. “प्रतिष्ठापनेआधी एक छोटा चमत्कार माझ्याकडून.”

“आजोबा, बसा!” कुणीतरी ओरडलं.

“एकच मिनिट. सगळ्यांनी मोबाइलवर लिहा, ‘खानदेशची राणी’. लिहून तर बघा, म्हातारा काय खातोय का तुम्हाला!”

लोकांनी लिहिलं. मग कोपऱ्यातून एक फिसकन हसू आलं, मग दुसरं. अडीचशे मोबाइलांवर, सगळ्यात वर, ‘चंद्री म्हैस, पारोळा. दोन वेळा दूध, एकदाही प्रवचन नाही.’

सभागृहात असा हशा उसळला, की राउटरवरची माळ घसरली. भागाबाई तर टाळ्या पिटत होती. “मन्ही चंद्री! मन्ही चंद्री पहिला नंबरवर!”

“बोला महाराज,” मी म्हणालो, “माझ्या म्हशीनं कोणता बीजमंत्र जपला? तिचं पूर्वसंचित काय? तिचं तोंड तर कायम दक्षिणेला असतं, गोठाच तसा आहे!”

नाजमीन पुढं आली आणि शाळेत सांगावं तसं शांतपणे तिनं सगळं सांगितलं. जाहिरात कशी लावतात, हद्द कशी आखतात, संकल्पपत्र कशाला लागतं. महाराज लालबुंद झाले. “तुमची ती जाहिरात! आमची सिद्धी आहे! सिद्धीत आणि जाहिरातीत फरक असतो!”

“मग ते तोरण जरा वर करा,” नाजमीन म्हणाली.

शिष्य पडद्यापुढं आडवा झाला. पण भागाबाई स्टेजवर पोचलीसुद्धा. सत्तरीची बाई, गच्चीवर दिवसभर बिबड्या थापणारे हात. तिनं तोरण धरलं आणि एका हिसक्यात खाली ओढलं. तोरणामागं, दुकानाच्या नावाच्या वर, बारीक अक्षरांत एक शब्द होता, ‘प्रायोजित’.

“आपापल्या मोबाइलवरही आहे तो,” मी म्हणालो. “माझ्याही होता. मी वाचला नाही, तुम्हीही वाचला नाही. आपण वर बघून हात जोडत होतो.”

“हा शब्द मायेचा आहे!” महाराज ओरडले. “हात लावू नका! कुणी बोट लावू नका! सिद्धी उतरेल!”

“कोनी लावो ना लावो, मी लावस,” भागाबाई म्हणाली. अडवायला आलेल्या महाराजांचा माइक तिच्या तोंडाजवळच होता, सगळ्या सभेला ऐकू गेलं. “मन्हं नाव शे ते. मन्हा नावले हात लावाले माले परवानगी कसाले लागी?”

आणि तिनं आपल्या मोबाइलवरच्या नावावर बोट टेकवलं.

मग साडीवाल्यानं टेकवलं. वेफर्सवाल्यानं टेकवलं. पाच-पन्नास, शंभर, दोनशे. सगळीकडे नुसती टकटक! महाराज स्टेजवरून “अरे थांबा, अरे थांबा” करत होते आणि त्यांचा शिष्य मोबाइलमध्ये डोकं खुपसून त्यांच्या कानात काहीतरी आकडे सांगत होता. काही मिनिटं गेली. नाजमीन म्हणाली, “आता पुन्हा शोधा.”

‘खानदेशी बिबड्या’. भागाबाई नाही. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावरही नाही. कलश, कापूर, राउटर सगळं जागच्या जागी होतं, नुसते जाहिरातीचे पैसे संपले होते.

“सिद्धी उतरली का हो महाराज?” मागून कुणीतरी विचारलं. “की रिचार्ज मारायचाय?”

मग अमीनभाई उभे राहिले. त्या हसण्यात त्यांचा आवाज आधी ऐकूच आला नाही. “मी पाकीट दिलं होतं,” ते म्हणाले. “माझा फोन महिनाभर वाजला नाही. लोकांना सांगितलं जातंय, अमीननं धंदा बंद केला.” ज्यांनी पाकिटं टाकली होती ते कलशाकडे धावले. महाराज मागच्या दारानं निघाले होते, पण तिथं नळफिटिंगवाला आधीच उभा होता, नळाच्या कामामुळं त्याला मागची दारं चांगली माहीत. पोलिसांना बोलावलं, तक्रार झाली, अमीनभाईंची नोंद पुढच्या दोन आठवड्यांत त्यांच्याकडे परत आली. पहिला फोन आला तो माझाच. मी रजई सांगितली.

सुलक्षणानं हातातलं पाकीट फाडलं. आत खरंच पासवर्ड होता. “नाना, रिकामं आणवलंच नाही मला,” ती म्हणाली. “वाटलं, उगीच आपल्या शंकेनं संधी जायची.” मी तिला रागावलो नाही. अकरा घरांचं ओझं डोक्यावर असताना माणूस कुठलाही कलश धरतो.

आता खरा प्रश्न. वेबसाइट दिसत का नव्हती? नाजमीननं ती उघडली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिली. मग विचारलं, “ही कुणी बनवली?”

“आमच्या गावच्या फ्लेक्सवाल्या स्वप्नीलनं,” सुलक्षणा अभिमानानं म्हणाली.

ती वेबसाइट म्हणजे एक अख्खा फ्लेक्सच होता! डाव्या कोपऱ्यात कानबाई माता, उजव्या कोपऱ्यात कै. सासरेबुवा, मध्ये ‘हार्दिक स्वागत’, दोन्ही बाजूंना हसतमुख चौदा शुभेच्छुक, त्यांत मीही एक. बिबड्या, पापड, फोन नंबर सगळं त्या एका चित्राच्या तळाशी, वेलबुट्टीत गुंडाळलेलं. चौकात टांगायचा फलक स्वप्नीलनं तसाच्या तसा इंटरनेटवर टांगला होता.

“काकू, गूगलला चित्रातली अक्षरं धड वाचता येत नाहीत,” नाजमीन म्हणाली. “ते शब्द शोधतं. या पानावर त्याला वाचण्यासारखा एकही शब्द नाही. तुम्ही काय विकता हे तुम्ही त्याला सांगितलंच नाहीये.”

“मग चौदा शुभेच्छुक काय कामाचे?” मी विचारलं.

“काढा, काका.”

माझा फोटो गेला याचं मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग गच्चीवर बसून आम्ही ते पान पुन्हा लिहिलं. नाजमीननं एकच सांगितलं, गिऱ्हाईक फोनवर जे जे विचारतं त्याचं उत्तर साध्या शब्दांत लिहा. भागाबाई बोलत गेली, सुलक्षणा लिहीत गेली. ज्वारी किती दिवस भिजवतो, जिरं घालतो की तीळ, भाजून खायची की तळून, किलोत किती बसतात, कुरिअरमध्ये मोडतात का. मोडतात, थोड्या मोडतात, हेही लिहिलं. लांबच्या लोकांना बिबडी शब्द ठाऊक नसतो, म्हणून ‘ज्वारीचे पापड’ असंही लिहिलं. गच्चीवरच्या बायकांचे, वाळत घातलेल्या कापडांचे खरे फोटो टाकले. नकाशावर पत्ता, वेळ, फोन नीट केला. गिऱ्हाइकांच्या जुन्या शेऱ्यांना उत्तरं दिली. एकानं तीन वर्षांपूर्वी ‘मीठ जास्त’ असं लिहिलं होतं. भागाबाईनं त्याला उत्तर लिहायला लावलं, की आता कमी केलंय, पुन्हा मागवून बघा.

“कधी येईल पहिला नंबर?” सुलक्षणानं विचारलं.

“सांगता येत नाही,” नाजमीन म्हणाली. “चार-सहा महिने तरी काही बोलू नका. आणि पहिल्या नंबराची खात्री जो देईल, त्याला पारोळ्याचा किल्ला दाखवा.”

दोन महिने काहीही झालं नाही. सुलक्षणा रोज बघायची, मग दोन दिवसांनी बघू लागली, मग विसरली. पोळ्याच्या सुमाराला दिपमालाचा सुरतेहून फोन आला. “माय, तिसरा पानवर शे तू!” दिवाळीला पहिल्या पानावर सातवा नंबर. तापी मध्ये होतीच, ती काही हटली नव्हती. मकरसंक्रांतीपर्यंत मागच्या मोसमाची पिंपं रिकामी झाली. आज भागाबाई तिसऱ्या नंबरावर आहे. पहिल्या नंबराच्या बाईंच्या बिबड्या मी मागवून खाल्ल्या. चांगल्या आहेत, तक्रार नाही.

यंदाच्या चैत्रात गच्चीवर अकरा नाही, तेरा बायका आल्या. दोघी नव्या. चंद्रीचं पान काढायचं राहूनच गेलं, त्यामुळे तिला अजून अधूनमधून फोन येतात. ती विकायची नाही, असं भागाबाई प्रत्येकाला स्वतः सांगते आणि जाता जाता बिबड्यांची ऑर्डर घेते.

वाचकहो, मी गुरांचा डॉक्टर, मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. तुम्हालाही सगळ्यातलं सगळं कळायलाच हवं असं नाही. पण जे लोकांना दाखवायचं आणि लोकांना हात मात्र लावू द्यायचा नाही, तिथं थांबा. बारीक अक्षरं वाचा. सुरतेला फोन करून विचारा, तिकडे दिसतंय का. आणि भर सभेत कुणी ‘हात लावू नका’ म्हणून ओरडत असेल, तर भागाबाईसारखं उठा आणि आधी हात लावून बघा.